रविवारच्या सुभद्राबाई

माझा आवाज फुटला तेव्हा मी आई होतो.

हे जरा सविस्तर सांगावं लागेल. माझं नाव राजपाल, इयत्ता दहावी, राहणार औराद, सीमेच्या कन्नड बाजूला. आईचं नाव सुभद्राबाई, ती उदगीरकडची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा राज्य बदललंय हे तिला जाणवलंच नाही. तिकडेही तूर, इकडेही तूर. आमच्या गल्लीत सगळे मराठीच बोलतात, त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं. अडायचं ते फोन आला की. गॅसवाल्याचा फोन कन्नडमधून, बँकेचा कन्नडमधून, लाइटवाल्यांचा कन्नडमधून आणि रागातून. आईला कन्नडचे तीन शब्द येतात. ‘हौदु’ म्हणजे हो, ‘बर्री’ म्हणजे या, आणि ‘ऊटा आयता’ म्हणजे जेवण झालं का. एवढ्यावर गॅस मिळत नाही.

मी कन्नड शाळेत, म्हणून चौथीपासून फोन माझ्याकडे. पलीकडचा माणूस माझा आवाज ऐकून मला ‘अम्मा’ म्हणायचा. सुरुवातीला मी खरं सांगायचो. मग तो म्हणायचा, आईला द्या. मग आई त्याला जेवण झालं का विचारायची. मग तो फोन ठेवायचा. त्यापेक्षा अम्मा झालेलं बरं, असं घरात ठरलं. कन्नडमध्ये सोयही आहे. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ याला तिथे एकच शब्द, त्यामुळे खोटंही बोलावं लागत नाही. अप्पा, म्हणजे वडील, औराद-बंगळूर बसवर ड्रायव्हर आहेत. घरी असतात तेव्हा झोपलेले असतात, जागे असतात तेव्हा फोन बंद असतो. त्यांचा या व्यवस्थेला विरोध नव्हता, कारण त्यांना ती माहीतच नव्हती.

गॅसपुरतं होतं तोवर ठीक. मग गेल्या वर्षी माझी मोठी बहीण प्रियंकाअक्का पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावीला, कलबुर्गीला गेली.

अक्का आमच्या घरातली पहिली सायन्सवाली. तिला डॉक्टर व्हायचंय. औरादहून कलबुर्गीला रोज जाऊन-येऊन फक्त बसचा ड्रायव्हर होता येतं, म्हणून हॉस्टेल. आणि हॉस्टेलचा एक नियम. दर रविवारी जेवणं झाली की वॉर्डन विजयश्री मॅडम स्वतः प्रत्येक मुलीच्या आईला फोन करणार. आई नसेल तर वडील. भाऊ चालणार नाही. कारण आधी एका मुलीचा भाऊ फार काळजीने फोन करायचा. पुढे खरा भाऊ भेटायला आला, तो दुसरीत होता. ती मुलगी त्याच दुपारी पेटी घेऊन घरी गेली आणि पुन्हा शाळा-कॉलेज काही झालं नाही तिचं. ही गोष्ट हॉस्टेलात नव्या मुलींना मेसची वेळ सांगायच्या आधी सांगतात.

पहिला फोन आला तेव्हा पलीकडून भारदस्त कन्नड. “सुभद्राबाई का?”

मी सवयीने म्हटलं, “हौदु री, मीच.”

अक्का तिथे मॅडमच्या शेजारीच उभी होती. तिला नंतर विचारलं, तू बोलली कामून न्हाईस. म्हणाली, “त्या मान डोलवायल्या रे. त्या कुणाला मान डोलवत न्हाईत.”

अशा प्रकारे मी विजयश्री मॅडमची मैत्रीण झालो.

आधी अक्काचे मार्क, मग हवा, मग मॅडमचे दुखरे गुडघे. पुढे त्यांचा मुलगा निघाला. बसवकिरण, माझ्याच वयाचा, दहावीलाच. मॅडम दीडशे मुली एका नजरेने झोपवतात, पण हा एक ऐकत नव्हता. “दार लावून घेतो हो. हाक मारली की अंगावर येतो. मार्क घसरलेत. काय करू, सुभद्राबाई?”

त्या वेळी मी स्वतः दार लावूनच बसलो होतो, कारण आई हाका मारत होती.

“दार वाजवू नका,” मी म्हटलं. “ताट दाराशी ठेवा आणि निघून जा. मार्कांचं जेवताना काढू नका. आरशासमोर दिसला तर हसू नका, मागे वळा.”

पुढच्या रविवारी मॅडम म्हणाल्या, “उघडलं दार. ताट आत घेतलं. तुम्हाला एवढं कसं कळतं हो?”

“घरात आहे एक तसलाच,” मी म्हटलं.

वर्षभर हे सुरळीत चाललं. शाळेत जगदेवप्पा सर म्हणायचे, पोरा, तुझं कन्नड चांगलं आहे, पण चाळिशीच्या बाईसारखं का आहे. मी गप्प राहायचो. याच सरांनी आठवीला वाढत्या वयाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडला होता. त्यात गळ्याच्या आतलं चित्र होतं. मी वाचला होता. फक्त ते माझ्याही गळ्यात आहे हे ध्यानात आलं नव्हतं.

संक्रांत झाली आणि माझं डोकं दाराच्या चौकटीला लागायला लागलं. ओठावर काहीतरी आलं, जे मिशी नव्हतं पण धुऊन जात नव्हतं. आणि एका रविवारी मॅडमला ‘प्रियंकाला दूध मिळतंय ना’ विचारताना ‘दूध’ माझ्या तोंडातून निघालं ते एकदम खालून, विहिरीतून आल्यासारखं.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

मी खोकलो. “सर्दी झालीय.”

“ओवा शेकून हुंगा,” मॅडम म्हणाल्या. “काळे मिरे चघळा. बायका स्वतःकडे बघतच नाहीत.”

आईने मला ओवाही हुंगायला लावला आणि मिरेही चघळायला लावले, कारण मॅडमने सांगितलं होतं. पुढच्या रविवारी सर्दी वाढली होती. अर्धं वाक्य माझं, अर्धं कुण्या तलाठ्याचं. मी शक्य तितकं ‘हूं’वर भागवलं. मॅडमही नेहमीपेक्षा कमी बोलल्या. गुडघ्यांचा विषय निघाला नाही. मग त्यांनी फोन ठेवला.

“संशय आला का गं त्यास्नी?” मी आईला विचारलं.

“मला काय विचारायलास,” आई म्हणाली. “बोलतोस तू. मी आपली सुभद्राबाई हाय नुसती.”

माझा मित्र रत्नपाल याने सुचवलं की नाक दाबून बोल. करून बघितलं. नाक दाबलेल्या तलाठ्यासारखं वाटलं.

शुक्रवारी अक्काचा फोन आला, हॉस्टेलच्या फोनवरून, घाईत. “राजू, रविवारी नीट बोल. मॅडम विचारायल्यात, आईचा आवाज असा कामून झालाय. परीक्षा तोंडावर हाय रे.”

“तू सांगून टाक की खरं,” मी म्हटलं.

“काय सांगू? वर्षभर तुमी ज्याला गुडघ्यांचं रडगाणं सांगितलाव तो माझा भाऊ व्हता म्हून?”

आमची अडचण अशी होती. आवाज माझा आहे हे लपवलं तर अक्काच्या घरच्या फोनवर कुणीतरी तरणा माणूस बसतो असा अर्थ होणार, आणि पेटी. खरं सांगितलं तर वर्षभर फसवलं असा अर्थ होणार, आणि पेटी. दोन्ही रस्ते त्याच पेटीपाशी जात होते.

रविवारी मी सकाळपासून कुणाशी बोललो नाही, आवाज साठवून ठेवला. दुपारी फोन वाजला. आई समोर बसली, मांडीवर हात घट्ट धरून.

“सुभद्राबाई?”

“हौदु री,” मी म्हटलं, आणि ते असं आलं की भिंतीवरची पाल हलली. पुरता पुरुष. मी घसा खाकरून पुन्हा म्हटलं, तर चिमणी. तिसऱ्यांदा दोन्ही एकदम.

“कोण बोलतंय?” मॅडमचा आवाज थंड झाला. “कोण आहेस तू?”

मी फोन कापला.

तो कापायला नको होता हे मला कापल्या कापल्या कळलं. फोन लगेच पुन्हा वाजला. माझा हात पुढे होईना. आईने तो उचलला, कानाला लावला, डोळे मिटले.

“हौदु,” ती म्हणाली.

पलीकडून मॅडम बरंच काही बोलत होत्या. मला शब्द ऐकू येत नव्हते, धार ऐकू येत होती.

“ऊटा आयता?” आईने विचारलं.

 पलीकडून एक छोटा प्रश्न.

“बर्री,” आई म्हणाली. म्हणजे या. शब्द संपले होते.

फोन बंद झाला. थोड्या वेळाने अक्काचा आला. ती अगदी सपाट बोलत होती, पाठ केल्यासारखं.

“राजू, मॅडम इथंच उभ्या हायत. आवाज कुणाचा म्हून विचारल्या. मी म्हणलं भाऊ. त्या हसल्या.”

मॅडम हसत नाहीत हे मला माहीत होतं.

“उद्या आईनं यायचं. त्यास्नी रविवारी जी बोलायची तीच आई. न्हाईतर पेटी भरून ठेव म्हणल्यात.”

“अन् परीक्षा?”

“परीक्षेचं त्या काय बोलल्या न्हाईत,” अक्का म्हणाली, आणि मग तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “मी पेटी भरली रे.”

अप्पांचा फोन बंद होता. ते तेव्हा बंगळूरच्या रस्त्यावर असणार, पन्नास माणसं मागे घेऊन.

सोमवारी पहाटेच्या गाडीने आम्ही बीदर, तिथून कलबुर्गीची गाडी. बेत असा होता की आईने गळ्याला मफलर गुंडाळायचा आणि घसा पार बसलाय असं दाखवायचं. खुणांनी बोलायचं. खुणा सगळ्या भाषांत एकच असतात. मी सोबत मुलगा म्हणून जायचं, पण तोंड उघडायचं नाही, कारण उघडलं की फोनवरचा माणूस बाहेर येणार. बेत चांगला वाटत होता. हुमनाबाद आल्यावर आई म्हणाली, “मी मुकी. तू मुका. मग बोलणार कोण?”

यावर आम्ही दोघंही विचार करायला लागलो आणि तो कलबुर्गीपर्यंत पुरला.

मध्ये तिने एकदा कन्नड शिकायचा प्रयत्न केला. “माझी लेक चांगली हाय, हे कसं म्हणायचं?” मी सांगितलं. तिने ते पुटपुटत पुटपुटत पाठ केलं. बसने गचका खाल्ला आणि ते गेलं. तिने पुन्हा विचारलं नाही. खिडकीकडे तोंड करून मफलर नीट करत राहिली. बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं.

मॅडमची खोली. मी वर्षभर जिच्याशी बोललो ती बाई मी पहिल्यांदा बघत होतो. आवाजाच्या मानाने लहानखुरी, चष्मा, टेबलाखाली गुडघ्याला पट्टा. तो पट्टा बघून मला बरं वाटलं, कारण तो मीच सुचवला होता. मग मी भिंतीपाशी बघितलं. अक्का उभी होती, युनिफॉर्ममध्ये, आणि तिच्या पायाशी अप्पांनी घेतलेली निळी पत्र्याची पेटी, कुलूप लावलेली. अक्का माझ्याकडे बघत नव्हती.

“बसा, सुभद्राबाई,” मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या. “घसा बसलाय वाटतं.”

आईने गळ्याला हात लावून मान हलवली. बसली.

“हरकत नाही. मी बोलते, तुम्ही फक्त मान हलवा. माझ्या मुलाचं नाव काय?”

आईने मान हलवली.

“नाव विचारलं मी.”

आईने पुन्हा मान हलवली, जरा जास्त आदराने. अक्काने डोळे मिटले.

“तुम्ही मला वर्षभर सख्ख्या बहिणीसारखं समजावलंत,” मॅडम हळू हळू म्हणाल्या. “माझ्या पोराने दार लावलं तेव्हा काय सांगितलं होतं? खुणेने सांगा. चालेल.”

आईने माझ्याकडे बघितलं. तिला प्रश्न कळला नव्हता, पण उत्तर माझ्याकडे आहे एवढं कळलं होतं. मॅडमनी तिची नजर पकडली आणि त्या नजरेमागून माझ्यापाशी आल्या.

पंखा फिरत होता. मी तोंड उघडलं.

“दार वाजवू नका,” मी म्हटलं. सुरुवात तलाठ्याने झाली आणि शेवट चिमणीने. “ताट दाराशी ठेवा आणि निघून जा. मार्कांचं जेवताना काढू नका. आरशासमोर दिसला तर मागे वळा.”

 मी बोलतच राहिलो, कारण थांबलो असतो तर पळालो असतो. “गुडघ्याला पट्टा बांधा. जिना चढताना आधी चांगला पाय टाका. मीच होतो, मॅडम. पहिल्या रविवारपासून मीच. आईला कन्नड येत नाही. बाहेरचं कुणी नव्हतं.”

“वय काय तुझं?”

“पंधरा.”

“म्हणजे मी,” त्यांनी चष्मा काढला, “पंधरा वर्षांच्या पोराला विचारून पंधरा वर्षांचं पोर वाढवत होते.”

“होय, मॅडम.”

“वर मला वाटायचं, काय समजूतदार बाई आहे.”

मला आभार मानावेसे वाटले, पण वेळ नव्हती.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला तेव्हा त्यांचा चेहरा वॉर्डनचा झाला होता. “बाहेरचं नव्हतं, मान्य. पण दीडशे आयांनी मुली माझ्या भरवशावर सोडल्यात. एकीने मला खोट्या आईशी बोलू दिलं आणि शेजारी उभी राहून गप्प बसली. हिला ठेवलं तर उद्या बाकीच्यांना काय सांगू? आणि जिच्या आईशी मला एक शब्द बोलता येत नाही, तिला रात्री ताप चढला तर मी कुणाशी बोलू?” त्या दाराकडे वळल्या आणि वॉचमनला बाजारच्या हिंदीत हाक मारली. “पाशाभाई, ये पेटी उठाव. आटो बुलाव.”

वॉचमन आत आला. त्याने पेटीची कडी धरली. अक्काचा हात आपोआप पेटीच्या दुसऱ्या कडीकडे गेला, मदतीला. तिला कुणाचंही ओझं उचलायची सवय आहे. 

आईने मफलर काढला.

“पेटी नक्को उठाओ, भाई,” ती म्हणाली. “पैले मेरी सुनो, मॅडम.”

वॉचमनने कडी सोडली. मॅडम वळल्या.

“तुमकू ये बोली आती?”

“आती ना. औराद के बाजार में बीस साल से यहीच बोल रई. कन्नडा नई आती.”

“फिर साल भर बोले कैकू नई?”

“तुमे पूछेच नई.” आई उभी राहिली होती. “बडे लोगां के सामने बाजार की बोली कैसी बोलना, सोचके चुप रई मैं.”

 “मैं आळंद की हूँ,” मॅडम म्हणाल्या. “छोटी थी तो गल्ली में यहीच बोलती थी. यां आने के बाद पाशाभाई कू डाटने के वास्ते रखी.”

वॉचमनने याला दुजोरा दिला.

वर्षभर मी गळा फुटेस्तोवर कन्नड बोललो होतो. अक्का वर्षभर रविवारी जीव मुठीत धरून उभी राहिली होती. आणि दोघींच्याही तोंडात एक अख्खी भाषा वापराविना पडून होती.

“पोट्टे कू फोन पे मैंच बिठाई,” आई म्हणाली. आता ती थांबत नव्हती. “बच्ची डर के चुप बैठी. कसूर मेरा है. पेटी उठाना है तो मेरी उठाओ.”

“तुम्हारी पेटी कां है?”

आईने इकडेतिकडे बघितलं. तिच्याकडे एक पिशवी होती आणि मफलर. “वो बी नई लाई,” ती म्हणाली.

मॅडमच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मी हसणं म्हणणार नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि आईला बसायची खूण केली, आणि मग दोघी बोलल्या. ताप आला तर कुणाला फोन करायचा, अप्पा कधी जागे असतात, अक्का रात्री किती वाजेपर्यंत वाचते, तिला पित्त होतं ते. मॅडमनी जे जे मला वर्षभर विचारलं होतं ते सगळं पुन्हा विचारलं. माझी बरीच उत्तरं चुकलेली निघाली. उदाहरणार्थ, अक्काला दूध चालत नाही, आणि मी वर्षभर तिला दूध द्यायला लावत होतो.

शेवटी मॅडम कन्नडमध्ये अक्काला म्हणाल्या, “पेटी वर ने. परीक्षा झाली की आठ दिवस मेसची भांडी. आधी नाही, आधी अभ्यास.” अक्काने पेटी एकटीने उचलली. वॉचमन मदतीला धावला तर तिने त्याला धरू दिलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा मॅडमनी मला थांबवलं. आई पुढे गेली. त्या टेबलावरचा पेन सरळ करत होत्या.

“बसवकिरणचं दार आता उघडं असतं,” त्या म्हणाल्या. “पण तो बोलतच नाही. महिना झाला. विचारलं तर मान हलवतो. मला वाटतं माझा राग राग करतो. काही वाईट तर नसेल ना?”

“त्याचा आवाज ऐकलाय का तुम्ही एवढ्यात?”

“नाही. तेच तर म्हणते.”

“माझा ऐकलात?” मी म्हटलं. नेमकं तेव्हा तो मधोमध फाटला. “वर्गात हसतात, मॅडम. त्याला बोलायला लाज वाटत असणार. राग नसेल.”

मॅडमनी पेन खाली ठेवला. “एवढंच?”

“मला काय माहीत. मी पंधराचा आहे.”

पुढच्या रविवारी जेवणं झाली आणि फोन वाजला. माझा हात सवयीने पुढे गेला. आईने तो बाजूला केला आणि पदर सावरून बोलायला बसली. मी गणिताचं पुस्तक उघडून शेजारी. अक्काचे मार्क, हवा, गुडघे. मग आईने फोनवर हात ठेवला.

“राजू, बाई विचारायल्यात, पोराला दाढी करू द्यावी का आत्ताच?”

“विचार, किती आलीय.”

ते मी म्हटलं नेहमीच्या आवाजात. म्हणजे नव्या, या वेळी एकदाही न फाटलेल्या. पलीकडे तो आवाज गेला असणार, कारण मॅडमनी लगेच काहीतरी विचारलं. आईने फोनवरचा हात काढला.

“कौन मर्द? अरे नई, मेरा बेटा है,” ती म्हणाली. “राजपाल. आवाज फूटा उसका.”